एकोणीस फूट

"मारलं का गं पाणी?"

कुंपणापलीकडनं मावशींचा आवाज आला की मी समजते, साडेसहा वाजले. लोहारा तालुक्यातल्या आमच्या गावात नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं, मावशी मात्र रोज येतात. मधल्या काट्यांना त्यांनी हात जाईल एवढं भगदाड ठेवलंय. त्यातनं शेवग्याच्या शेंगा येतात, विरजण जातं आणि गावाच्या बातम्या दोन्हीकडं फिरतात.

"मारलं की. पण स्लॅब टाकून आठच दिवस झालेत. गवंडी म्हणतो, तीन आठवडे सेंट्रिंगला हात लावायचा नाही. मला तर नव्या घरात घट बसवायचाय."

"बसंल की घट. तुळजापूरची आई काय पळून चाललीय?"

"तीन वर्षं पत्र्यात काढली, मावशी. उन्हाळ्यात भाकरी तव्यावर आणि आपण पत्र्याखाली. दोघी सारख्याच भाजतोय."

मावशी हसल्या. मग काट्यांजवळ सरकून आवाज बारीक केला. "देवळामागच्याचं कळलं का? घरकुलाचा पयला हप्ता आला आन् दारात म्हैस आली!"

"अगं बाई! आणि जोत्याच्या फोटोचं काय?"

"त्येच तर. साहेब फोटो काढायला आलं, तर ह्यो म्हशीला धरून हुबा. म्हणतोय, आदी गोठा दावतो."

हसू आलं, पण पोटात गोळाही आला. फोटोचं दुखणं मला चांगलं ठाऊक आहे. आमचं जोतं भरून झालं, तरी दीड महिना कुणी फिरकलं नाही. आले त्या दिवशी मोबाईलला रेंज नव्हती. जागेवर उभं राहून फोटो काढल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. तोवर गवंडी दुसऱ्या गावाला गेला, आणि सिमेंटची चार पोती घरातल्या माणसांसारखी उशाशी घेऊन झोपलो.

"सगळे मिळून किती देत्यात गं?"

"घरकुलाचे 1 लाख 20 हजार. रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी वेगळी, संडासाचे 12 हजार वेगळे. बाकीचं सोयाबीनवर आणि माझ्या भावावर. घर कमीत कमी 269 चौरस फुटांचं पाहिजे. आम्ही तेवढंच बांधतोय."

"किती म्हणलीस?"

"269."

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "भूकंपानंतर आमाला 250 चं मिळालं. जिमीन नव्हती ना. अडीच एकराच्या आतल्याला 250, त्याच्या वरच्याला 400, आन् लई मोठ्या जिमीनदाराला 750. म्हंजी गरिबाचं घर तीस वर्सांत एकोणीस फूट वाढलं बग!"

भूकंपात उद्ध्वस्त झालेलं सास्तूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव नुकतं झोपलं होतं. मी लग्न होऊन आले ती या नव्या, रुंद रस्त्यांच्या गावात. मावशी जुन्या गावातल्या.

"तुम्ही किती दिवस थांबलात घरासाठी?"

"अडीच वर्सं. पत्र्याच्या शेडातच. रोज जाऊन बगायची, भिंत कुटवर आली. तुज्यासारकीच उतावळी. आन् किल्ली हातात आली तर आत निजायचं धाडस हुईना. जुन्या घराला हातभर जाड दगडाच्या भिंती, मदी नुसती माती. वर माळवद, त्याच्यावर फूट-दोन फूट माती. ती समदी अंगावर आलेली. वर्सभर बाज अंगणातच. पाऊस आला की उंबऱ्यापतूर सरकायचं, बास."

मी गप्प झाले. मागच्या महिन्यात मावशींनी माझ्या गवंड्याशी भांडण काढलं होतं. भिंतीवरच्या पट्ट्यातले गज कोपऱ्याला आले तिथंच त्यानं कापून सोडले होते. मावशी शिडीला धरून खाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, गज दुमडून दुसऱ्या भिंतीत ने, नायतर मी हितनं हलत न्हाई. दोन दिवस त्यात गेले. तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना बोल लावला होता, म्हातारीला काय कळतंय म्हणून.

"मावशी, ते गजाचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"सरकारी विंजनेर शिकवायचा. चारी भिंतींना पट्टा पायजे, कमरंला करदोडा बांदल्यावानी. भिंत हलली तरी एकमेकीला सोडत न्हाई. रोज बगून बगून पाठ झालं. दुसरं काम काय होतं आमाला?"

एवढं बोलून त्यांनी आपल्या हौदातला पाईप भगदाडातनं माझ्याकडं सरकवला. "धर. स्लॅबवरच्या आळ्यांत पाणी बोटभर तरी ऱ्हायलं पायजे. पोत्यावर पण टाक, कॉलम वाळलेत."

मी शिडी चढले. आळ्यांतलं पाणी उन्हानं निम्म्यावर आलं होतं. पाईप सोडला, आणि अजून तेरा दिवस आहेत हे बोटांवर पुन्हा मोजलं. तेरा म्हणजे काही फार नाहीत.

"मावशी," वरूनच ओरडले, "घटाच्या रात्री माझ्याकडं निजायला या. आत!"

"बगू," खालून आवाज आला. "पर आदी सांग, म्हैस दूध किती देतीय म्हणं?"