उपवासाला कोथिंबीर चालते का?

एकादशी आली की आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर हा प्रश्न हटकून निघतो. लगेच दोन तट. ‘आमच्याकडे चालते’ म्हणणाऱ्या काकूंकडे ‘आमच्याकडे नाही बाई’वाल्या अशा बघतात, जणू खिचडीत कांदाच चिरलाय. जिऱ्याला माफी, हळदीला मनाई. कारण विचारायचं नाही. गंमत म्हणजे साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, शेंगदाणे आणि मिरची हे चौघेही मूळचे अमेरिका खंडांतले, समुद्र ओलांडून आलेले. त्यांना ताटात मानाचं पान. कितीतरी आधीपासून इथं रुळलेली कोथिंबीर मात्र दाराबाहेर! परवा मी हे बोलून दाखवलं. उत्तर आलं, ‘तुम्ही करता का उपवास?’ नाही करत. खिचडी मात्र दोनदा घेतो.