पादचारी नामक मानकरी

पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केले आणि तोवर रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून चालणारा एक दुर्लक्षित जीव अधिकृतरीत्या शहराच्या वाहतुकीतील पहिला मानकरी ठरला. कागदावर त्याच्यामागे सायकलस्वार, त्याच्यामागे बस आणि सर्वांत शेवटी खासगी मोटार उभी राहिली, मात्र प्रत्यक्ष चौकात ही रांग मागच्या टोकाकडून सुटते.

याच सुमारास जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना हाती घेण्यात आली. १९७०च्या दशकात रेकोंडो कंपनीने बांधलेला हा रस्ता पुढे कित्येक वर्षे खड्ड्यांवाचून राहिला, ही हकीकत पुण्यात आजही दंतकथेच्या सुरात सांगितली जाते. अशा रस्त्याला हात लावणे धाडसाचेच होते, पण ते बऱ्यापैकी साधले हे मान्य करावे लागेल: पदपथ ऐसपैस झाले, बाके आली, मुलांसाठी खेळणी आली. उणीव राहिली ती एवढीच की, इतका प्रशस्त पदपथ पाहून केवळ पादचाऱ्यालाच आनंद होईल असे आराखडा करणाऱ्यांनी गृहीत धरले.

देशातील रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, पदपथाचे तीन पट्टे मानते: इमारतींलगतचा, मधला चालण्याचा, जो किमान १.८ मीटर मोकळा असावा, आणि रस्त्याकडचा, ज्यात झाडे, खांब व बाके सामावतात. पुणेकरांनी या शास्त्रात चौथ्या पट्ट्याची भर घातली असून तो सिग्नलचा दिवा लाल होताच मधल्या पट्ट्यावर दुचाकींसह प्रकट होतो आणि हिरवा होताच लोप पावतो. त्याच्या बंदोबस्तासाठी पदपथाच्या तोंडाशी बोलार्ड, म्हणजे आखूड खुंट, रोवले जातात. परंतु दोन खुंटांमधून चाकांची खुर्ची जाईल इतकी फट ठेवावीच लागते, आणि स्कूटरचे हँडल त्या खुर्चीहून फारसे रुंद नसते. फट ठेवली तर स्कूटर आत येते आणि बुजवली तर खुर्ची बाहेर राहते. स्कूटर मात्र तेव्हाही पलीकडच्या दुकानाच्या उतारावरून वर चढते.

दृष्टिहीनांसाठी बसवलेल्या पिवळ्या स्पर्शफरशांची कथा याहून बोलकी आहे. या फरशांवरील लांबट उंचवट्यांचा अर्थ ‘सरळ चला’ असा असतो, तर गोल टिपक्यांचा अर्थ ‘सावध व्हा’ असा. शहरात अनेक ठिकाणी ही पिवळी वाट सरळ विजेच्या डीपीच्या पेटीवर जाऊन आदळते, आणि टिपके येण्यापूर्वी पेटी येते.

या साऱ्याची भरपाई म्हणून ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून ‘पादचारी दिन’ साजरा करण्यात आला व पुढे त्याची प्रथा पडली. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवून त्याला पुरणपोळी चारावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मानेवर जू ठेवावे, तसाच हा सन्मान आहे. गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक फिरकत नाही, हा व्यापाऱ्यांचा जुना आक्षेप अशा वेळी नव्याने ऐकू येतो. दिवाळीत त्याच रस्त्यावर गाडी तसूभर हलत नाही आणि तरीही दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, ही बाब मात्र कोणाच्या हिशेबात नसते.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले. धोरण, दिन आणि घटना असा तिहेरी आधार लाभलेल्या वाचकाने ११ डिसेंबर वगळता उरलेले ३६४ दिवस रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे, मग डावीकडे पाहावे, आणि पदपथावर असल्यास मागेही पाहावे.