थांबायची घाई कुणाला?

जुन्या जीपवाल्याच्या खर्चाचा क्रम ठरलेला असतो. आधी ढोले टायर, मग विंच, मग टपावर दिव्यांची रांग. ब्रेकचा नंबर सगळ्यात शेवटी, तोही गाडी एकदा कुंपणाला टेकून आल्यावर.

1941 सालच्या विलीज एमबीला चारही चाकांना नऊ इंची ड्रम होते आणि सगळ्यांना मिळून ब्रेक ऑइलची एकच लाइन. एके ठिकाणी गळती, की चारही चाकं मोकाट. ओढ्यातून बाहेर पडल्यावर ओले लायनर पकडायचं नाव घेत नाहीत. पकडलेच तर एका बाजूचे. म्हणून डिस्क हव्यातच, याबद्दल वाद नाही.

वाद पुढे आहे. जुन्या बाजारातले कॅलिपर येतात, ब्रॅकेट थोडं घासून, थोडं ठोकून बसतं. मास्टर सिलिंडर मात्र जुनाच, आणि बूस्टर 'पुढच्या महिन्यात बघू'. ड्रममधला शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपणहून आवळतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही, सगळा जोर पायाचा. शिवाय ड्रमसाठी लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणाऱ्या झडपेचा जुना सिलिंडर पॅड पुरते सुटू देत नाही. चकती तापते, वास सुटतो.

"पेडल जरा कडक लागेल, साहेब," मिस्त्री सांगतो. साहेब खुशीत असतात. चाकाच्या फटीतून चकत्या चकाकताना दिसतात, फोटो झकास येतो. गाडी थांबवायला पहिला गिअर आणि कुलदैवत आहेच!