रविवारी सकाळी काळी माती सुधारण्याची सोपी पद्धत

साहित्य: परभणीच्या बाहेर, नुकत्याच एनए झालेल्या वावरात उभं राहिलेलं एक नवं रो-हाउस. त्याच्या पुढे वीस बाय पंधरा फुटांचा तुकडा, ज्याला बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘लँडस्केप गार्डन’ म्हटलेलं असतं. एक कुदळ, एक फावडं, उन्हाची टोपी आणि चार्ज केलेला मोबाइल. लागणारा वेळ: व्हिडिओत अकरा मिनिटं, जमिनीवर तीन पावसाळे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे बागकामालाही लागू आहे, एवढं ध्यानात ठेवून कामाला लागावं.

पहिला घाव मे महिन्यातच घालावा. घराचा ताबा अक्षय्य तृतीयेला मिळालेला असतो आणि उत्साहाला दम नसतो. कुदळ डोक्यावर न्या आणि जोरात खाली आणा. ती तितक्याच जोरात वर येईल. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या, म्हणजे पद्धत बरोबर आहे. पाच-सहा घावांनंतर एक ढेकूळ सुटेल. ते हातात घेऊन बघा: कडा धारदार, मध्ये एखादं तुटलेलं मूळ आणि जागोजागी चुनखडीचे पांढरे खडे. त्याखाली विटांचे तुकडे, टाइलची कोर, बायंडिंगची तार, सिमेंटच्या गोणीचा कोपरा आणि गुटख्याच्या पुड्या सापडतील. हे सगळं ‘लँडस्केप’मध्येच मोडतं. मिस्त्रीने सिमेंटचा माल जिथे कालवला ती जागा ओळखायला सोपी असते, तिथे पावसाळ्यातही गवत उगवत नाही. ती वीतभर खोल खरवडून बाहेर टाका. या एका कामात विनोद काही नाही, ते खरोखर करा. आणि अख्ख्या तुकड्यावर पिवळट, खडबडीत थर दिसत असेल, तर पाया खणताना जेसीबीने खालचं वर आणलं आहे. वरची काळी माती ट्रॉलीतून कुठे गेली, हे बिल्डरला विचारून आपला अपमान करून घेऊ नये.

टोपी काढून आता थोडं शास्त्र. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ही माती बनली. तिच्यात चिकणमातीचा भाग मोठा, खोल काळ्या जमिनीत निम्म्याच्या आसपास. चिकणमातीचा कण म्हणजे एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षाही बारीक. त्यात मॉन्टमोरिलोनाईट जातीचं खनिज भरपूर असतं. हे खनिज आपल्या पापुद्र्यांच्या मधोमध पाणी घेतं आणि फुगतं, पाणी गेलं की आकसतं. म्हणून मे महिन्यात तुमच्या अंगणात अशा भेगा पडतात, की खिशातून पडलेली किल्ली परत मिळत नाही. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडत राहते, पाऊस आला की भेगा मिटतात, पुढच्या उन्हाळ्यात नव्या पडतात. म्हणजे ही जमीन स्वतःला खालीवर करून घेत असते, आणि तुमच्या कुदळीच्या कितीतरी आधीपासून. कुंपणाचं फाटक एप्रिलमध्ये अलगद लागतं आणि ऑगस्टमध्ये खांद्याने ढकलावं लागतं, तेही याच कारणाने. अशा जमिनीवरच्या घरांसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगीर टोक असलेल्या पाइल्सचा पाया रुळवला. हे टोक ओल-सुकीचा खेळ पोहोचत नाही अशा खोलीवर ठेवतात. तुमच्या घराला तसा पाया आहे का, हे आज शोधू नका, रविवार खराब होईल. भिंतीला लागून वड-पिंपळ मात्र लावू नका, आणि जोत्याजवळ रोज पाइप सोडून ठेवू नका.

पुढची पायरी निचऱ्याची. सगळे सांगतात तसा एक फूट खोल खड्डा घ्या आणि पाण्याने भरा. मे महिन्यात पाणी डोळ्यांदेखत गायब होईल. तुम्ही आनंदाने घरात हाक माराल, की आपल्याकडे निचरा एकदम फर्स्टक्लास आहे. तो निचरा नसतो, पाणी भेगांतून खाली गेलेलं असतं. भेगा मिटेपर्यंत, म्हणजे चांगलं दोन-तीनदा, खड्डा भरा आणि मग घड्याळ लावा. तासाला इंचभर उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात आभाळ दिसत असेल, तर तुमची जमीन खरी काळी.

आता वाळूकडे वळू. माती चिकण आहे, वाळू सुटी आहे, तेव्हा एकीत दुसरी मिसळली की काम झालं, हा विचार प्रत्येक नवशिक्याला स्वतंत्रपणे सुचतो आणि प्रत्येक शेजारी त्याला दुजोरा देतो. हिशेब करून बघा. तीनशे चौरस फूट, फूटभर खोल, आणि निम्मी तरी वाळू हवी. म्हणजे दीड ब्रास वाळू आत आणि दीड ब्रास माती बाहेर. घर बांधताना वाळूपायी काय काय झालं ते आठवत असेलच. मग नवशिक्या काय करतो, तर बांधकामातली उरलेली चार घमेली पसरून वरून पाणी मारतो. चार घमेल्यांनी माती सुटी होत नाही. वाळूचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि सुकल्यावर ढेकूळ पहिल्यापेक्षा कडक निघतं. उरलेला माल क्रश सँडचा असेल, तर त्यातल्या भुकटीमुळे आणखीच. वाळू प्लास्टरला ठेवा.

यानंतर नर्सरीत जाऊन लाल माती विकत आणण्याचा टप्पा येतो. तोही टाळता येत नाही, कारण नर्सरीवाला कुंडीकडे बोट दाखवून म्हणतो, “बघा साहेब, यात कसं आलंय!” दीड फूट खड्डा, आत लाल माती, शेणखत आणि कोकोपीट, वर गुलाब. जूनमध्ये गुलाब हसतो. जुलैत पाऊस लागतो, सगळीकडचं पाणी त्या एकमेव पोकळ जागेत उतरतं आणि चहूबाजूंची काळी भिंत ते बाहेर जाऊ देत नाही. खड्डा हौदासारखा भरलेला राहतो, मुळं कुजतात, आणि ऑगस्टमध्ये तुम्ही बुरशीचं औषध आणायला परत त्याच नर्सरीत जाता. रोपच लावायचं असेल तर खड्डा रोपाच्या गड्ड्याला पुरेल एवढाच घ्या. त्याच्या गुळगुळीत झालेल्या भिंती कुदळीच्या टोकाने खरवडा, गोल फिरलेली मुळं हलक्या हाताने मोकळी करा, आणि निघाली होती तीच काळी माती थोडं शेणखत मिसळून परत भरा. मुळांना आयुष्य त्याच मातीत काढायचं आहे, सवय पहिल्या दिवसापासून झालेली बरी.

मोबाइल चार्ज करून ठेवायला सांगितलं ते आता कामी येईल. विलायती बागवानांच्या व्हिडिओत मातीवर चुना टाकतात, थंडीत गोठून ढेकळं फुटतील म्हणून वाट बघतात. बघायला फार छान वाटतं. त्यांच्या मातीला आम्लाचा त्रास असतो. आपल्या मातीचा सामू आधीच आठच्या घरात आणि चुनखडी पोटातच, तिला आणखी चुना म्हणजे तेच पुन्हा. चुलीची राखही त्याच जातीची, पणजीचं नाव घेऊन ती ओतू नये. जिप्समची गोष्ट वेगळी. सोडियम चढून चोपण झालेल्या जमिनीला ते खरंच उपयोगी, पण नुसत्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत ते टाकून काही होत नाही, फक्त दुकानदाराचं होतं. तुमची चोपण आहे की नाही हे माती तपासल्याशिवाय कळायचं नाही, आणि कृषी विद्यापीठ तर तुमच्या गावातच आहे. चार-पाच ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो माती परीक्षणाला द्या. जास्वंदीची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर लोहाची गोळी जमिनीत पुरू नका. लोह मातीत आहे, या सामूला ते मुळांच्या हाती लागत नाही. हिराकसाचा हलका फवारा पानांवर मारा.

एवढं सगळं झाल्यावर एका रविवारी सासरे गावाहून येतात. ते चपला काढून अनवाणी अंगणात उतरतात, एक ढेकूळ उचलून बोटांनी दाबतात, वास घेतात आणि म्हणतात, “जावईबापू, हे वावर असतं तर मी मागाल त्या भावात घेतलं असतं.” तुम्ही तीच माती उपसून बाहेर टाकायला मजूर ठरवलेला असतो. “मामा, पण यात काही येतच नाही हो,” असं तुम्ही म्हणाल. “येत नाही कसं? कापूस येतो, तूर येते, ज्वारी येते. तुम्ही नको त्या वेळी हात लावताय तिला. वाफसा बघितला का?” माझ्या मते इथे व्हिडिओ बंद करावा आणि मामांना चहा द्यावा.

वाफसा बघायला यंत्र लागत नाही. चार बोटं खोलीची मूठभर माती घ्या आणि मूठ आवळा. बोटांच्या फटींतून चिखल आला, तळहात चकाकला, तर फावडं जागेवर ठेवा आणि घरात जा. या अवस्थेत खणलेली जमीन सुकल्यावर अशी काही घट्ट बसते, की पुढचं सगळं वर्ष तुम्ही तिची फळं भोगता. गोळाच होत नसेल, नुसता भुगा पडत असेल, तर पाणी देऊन थांबा. गोळा झाला आणि अंगठा लावताच रवाळ होऊन फुटला, तर तोच वाफसा: मातीत ओलही आहे आणि हवाही. काळ्या जमिनीत तो फार थोडे दिवस टिकतो. पाऊस उघडून ऊन पडलं की साधारण मंगळवारी वाफसा येतो, शुक्रवारी जातो, आणि तुम्ही रविवारी टोपी घालून बाहेर पडता. शेतकऱ्याला रजा टाकावी लागत नाही, तुम्हाला लागेल. ओल्या अंगणात चालायचंच असेल तर फळी टाकून चाला, पायांनी दाबलेली काळी माती सहज सुटी होत नाही. ढेकळं फोडायला मात्र मनुष्यबळ लावू नका. मे महिन्यात तापलेल्या ढेकळावर वळवाची सर पडली, की दुसऱ्या दिवशी ते बोटाने उकलतं. विलायतेत जे काम थंडी करते, ते आपल्याकडे ऊन करतं.

वाफसा मिळाला, की गादीवाफे करा. तीन फूट रुंद, वीतभर उंच. मधल्या चरांची माती उचलून वाफ्यावर टाकायची, बाहेरून काही आणायचं नाही. चरांना थोडा उतार द्या आणि शेवटचा चर गटाराकडे काढा, शेजाऱ्याकडे नव्हे. वाफ्यांवर दोन इंचांचा शेणखताचा थर. सगळ्या तुकड्याचा हिशेब धरला तर अर्धा ब्रास. तो वर्षातून एकदा द्यायचा आणि दर वर्षी द्यायचा, कारण आपल्या उन्हात सेंद्रिय कर्ब टिकत नाही. शेणखत म्हणजे पूर्ण कुजलेलं, काळपट, शेणाचा वास गेलेलं. अर्धवट कच्चं आणलं तर त्यासोबत हुमणीच्या पांढऱ्या अळ्या घरी येतात आणि गुलाबाची मुळं खाऊन तुमचे आभार मानतात. वर पालापाचोळ्याचं किंवा उसाच्या पाचटाचं बोटभर आच्छादन टाका, म्हणजे भेगाही कमी पडतात आणि गांडुळंही येतात. गांडुळं विकत घेऊन सोडू नका. खताच्या टाकीतली ती विलायती जात शेणात राहणारी, काळ्या मातीत ती रमत नाही. देशी गांडुळाला खायला आणि ओल मिळाली, की ते न बोलावता येतं. समोरचे लोक पाचटाला कचरा म्हणतील, घंटागाडीवाला ते उचलूनही नेईल. त्याला हात जोडून सांगा.

पण पहिल्या वर्षी झाडं लावूच नयेत, असं माझं ठाम मत आहे, आणि ते कुणी ऐकत नाही हेही मला माहीत आहे. पहिल्या पावसावर ताग पेरा. दीड-दोन महिन्यांत तो कमरेवर जातो, त्याची मुळं दडपलेल्या जमिनीत खोल वाट करतात, आणि गाठींतून हवेतलं नत्र मातीत येतं. पिवळी फुलं दिसायला लागली की थांबू नका, खोड दोरखंडाचं व्हायला लागतं. कापून वाफ्यात गाडा. त्या आठवड्यात वाफसा नसेल तर गाडण्याचा हट्ट सोडा, कापून जागेवरच पसरा. मग तीन-चार आठवडे काही करायचं नाही. शेवगा, कण्हेर, बोगनवेल, जास्वंद ही मंडळी नंतर लावा, गादीवाफ्यावर ती या मातीत सुखाने राहतात. कुणी हौसेने संत्र्याचं कलम भेट दिलं तर ते सगळ्यांत उंच वाफ्यावर न्या, पाणी साचलं की त्याला डिंक्या धरतो.

तुमच्या तुकड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम तागाचं बी पुरतं आणि कृषी सेवा केंद्रवाला पिशवी फोडून देईलच असं नाही. मृगाच्या आधी गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक पिशवी घ्या. त्यांच्या अंगणातही हीच माती आहे.