आप्पांचं टपाल कोण फोडतंय?

लीड्स, जूनअखेर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सगळं बोलून झालंय, तरी हे पत्र. कारण आप्पांचा हुकूम. तक्रार लेखी हवी, तारीख घालून हवी आणि टपालानंच गेलेली हवी. नाहीतर ती तक्रारच नव्हे. उभी हयात पोस्टमास्तरकीत घालवलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? पाकिटावर तिकीट त्यांनीच डकवलंय आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकायलाही तेच जाणार आहेत. त्या पेटीवर राजा जॉर्जची अक्षरं आहेत. आल्या दिवशीच आप्पांनी तिला हात लावून पाहिला आणि 'ओतीव काम आहे' असा शेरा दिला. आमच्या घराला अजून शेरा मिळालेला नाही.

तर हकीकत. आप्पांना इथे करमावं म्हणून तुमच्या भावानं जुन्या लॅपटॉपवर थंडरबर्ड घालून दिलं आणि त्यात आप्पांचा नेहमीचा ई-मेल जोडला. सकाळचा चहा झाला की आप्पा चष्मा पुसून बसतात. ज्येष्ठ नागरिक संघाची सूचना, वीजबिल, पेन्शनर मित्रांच्या कविता (या कवितांबद्दल मी काही बोलत नाही), सगळं मोठ्यानं वाचतात. सावकाशीनं उत्तरं द्यायची म्हणून ठेवून देतात. साडेबाराला जेवण, एकला वामकुक्षी. उठून बघतात तर पेटी रिकामी!

पहिल्यांदा वाटलं, चुकून पुसलं गेलं असेल. पण रोजच व्हायला लागलं. मग आप्पांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "सूनबाई, दुपारी त्या यंत्राला कुणी हात लावतं का?" आवाज अगदी सौम्य, पण खात्यातल्या चौकशीचा. त्यावर १८९८ च्या पोस्ट कायद्याचं कलम ५२ तोंडपाठ ऐकवलं: टपाल चोरणं, दडवणं, नष्ट करणं, सात वर्षांपर्यंत कैद. तुमच्या भावानं पोळी मोडता मोडता सांगितलं की तो कायदा गेला, २०२३ साली नवा आला. आप्पा त्या दिवशी ताक न पिताच उठले. आधीच रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केल्याचं दुःख त्यांना पचलेलं नाही.

मग पहारा सुरू झाला. ते 'गेट मेसेजेस'चं बटण आहे ना, ते दिवसभर दाबणं. थंडरबर्ड मुळात दर दहा मिनिटांनी आपणहून नवं टपाल बघतं. आप्पांनी सेटिंगमध्ये जाऊन दहाचा एक केला. वर हातानं दाबणं चालूच. तुमच्या भावानं समजावलं, की हे आयमॅप खातं आहे, नवं पत्र आलं की सर्व्हरच वर्दी देतो, १९९७ पासून तशी सोय आहे. आप्पा म्हणाले, "टपाल आपण होऊन येत नाही, आणावं लागतं." आई म्हणाल्या, "तुम्ही बटण दाबलं नाही म्हणून येणारं पत्र वाटेत थांबणार आहे का?" त्याला उत्तर नव्हतं, म्हणून आप्पांनी बटण दाबलं.

खरा तपास लागला तो आईंमुळेच. रविवारी तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही सहज म्हणालात ना, "सोन्या रोज शाळेतून थेट आप्पांच्या घरी जातो, झाडांना पाणी घालतो, मग कंप्युटरवर जरा खेळतो"? आईंनी घड्याळाकडे बघितलं. तुमच्याकडे साडेपाच म्हणजे उन्हाळ्यात आमच्याकडे एक. वामकुक्षीची वेळ!

सातारच्या त्या कंप्युटरवरही थंडरबर्ड आहे, आणि तो चालू केला की तेही आपोआप उघडतं. आप्पांनीच तशी व्यवस्था करून घेतली होती. उघडलं की लगेच नवं टपाल तपासतं. मात्र ते खातं पॉपचं. पॉप १९८४ चं, त्या काळी माणसाकडे एकच यंत्र असणार असं धरून चाललेलं: सर्व्हरवरची पत्रं घरी उतरवून घ्यायची आणि तिथली काढून टाकायची. आयमॅप दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी काढलं. त्यात पत्रं सर्व्हरवरच राहतात, आपण कुठल्याही यंत्रावरून तिथे जाऊन वाचायची. म्हणजे आप्पा इथे वाचत होते ते सर्व्हरवरचं, आणि सोन्या झाडांना पाणी घालून खुर्चीत बसला की ते सगळं साताऱ्याला जमा. सर्व्हरवरून गेलं म्हणून इथूनही गेलं. सोन्याला याचा पत्ताही नाही. तो बिचारा क्रिकेट खेळत होता.

आप्पांना हे कळल्यावर त्यांचा चेहरा बघायला हवा होता. राग नाहीच, उलट समाधान! "म्हणजे गहाळ नाही, चुकीच्या शाखेत वर्ग झालंय," म्हणाले आणि मला माफी न मागता एक हापूसची फोड दिली.

आता पुसण्याचं. पुसलेलं पत्र 'ट्रॅश'मध्ये जातं हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. दुसऱ्याचं अक्षर कचऱ्यात टाकायचं म्हणजे काय! म्हणून तुमच्या भावानं दुसरा पर्याय निवडून दिला: पुसलं की फक्त खूण करायची. पत्र जागेवरच राहतं, त्यावर आडवी रेघ येते. आप्पा एकदम खूश. त्यांच्या रजिस्टरात चुकलेली नोंद अशीच रेघ मारून सही करत, खाडाखोड करत नसत. मलाही हा पर्याय आवडतो, कारण त्यात माणसाला मन बदलता येतं. आता त्यांच्या पेटीत निम्म्या ओळी रेघा मारलेल्या आहेत आणि एकही पत्र गेलेलं नाही. ती खरोखर जायची तर आधी 'एक्स्पंज' करावं लागतं. आपल्या डिस्कवरची जागा मोकळी व्हायची तर फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करावा लागतो. तो प्रश्न कधीमधी खिडकी उघडून थंडरबर्ड स्वतःच विचारतं. आप्पा दरवेळी 'नंतर' दाबतात. वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय नाश करता येत नाही म्हणे. वरिष्ठ कोण, ते विचारायचं धाडस आमच्यात नाही. आई हसतात फक्त.

तर वन्सं, काम एवढंच. साताऱ्याच्या कंप्युटरवर थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज उघडा. त्यात सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर'च्या चौकोनात खूण करा. त्याच्याच खाली 'चौदा दिवसांपर्यंत' आणि 'मी पुसेपर्यंत' अशा दोन ओळी असतील. दोन्हींवरची खूण काढा, नाहीतर सोन्यानं तिथे सफाई केली की इथलंही जाईल. सुरू होताच टपाल तपासायची खूणही काढा. आणि आतापर्यंत उतरलेलं एकही पत्र पुसू नका. आप्पा दिवाळीआधी परत येतील तेव्हा मोजून घेणार आहेत.

सोन्याला रागावू नका. झाडांना मात्र पाणी घालू दे, तुळस आप्पांनी दोनदा विचारली.

आपली,
धाकटी वहिनी

ता. क. आप्पांनी वाचून खाली सही केली आहे. पोच पाठवा, पोस्टानं.