फोर-बाय-फोर पंत

पंतांना ‘गाडी कुठली घेऊ?’ असं विचारू नये. जेवायच्या आधी तर मुळीच विचारू नये. तुम्हाला मुलीला क्लासला सोडण्यापुरती, मंडईच्या गल्लीत शिरेल आणि पुढेमागे बऱ्या भावात विकली जाईल अशी गाडी हवी असते. पंत डोळे बारीक करून विचारतात, ‘अप्रोच अँगल किती हवाय?’

तुम्ही गप्प. मग पंत ताटाशेजारी लोणच्याची बरणी आडवी करतात आणि तिच्यावर काडेपेटी चढवायला घेतात. समोर खडा चढ आला की चाक आधी टेकलं पाहिजे, बंपर नव्हे. बंपर न घासता गाडी किती उभ्या चढाला भिडेल तो अप्रोच अँगल. उतरून पुढे जाताना मागचा बंपर वाचवतो तो डिपार्चर अँगल. आणि उंचवट्यावर पोट टेकू देत नाही तो ब्रेकओव्हर. एवढं होईपर्यंत काडेपेटी बरणीवर आडवी अडकलेली असते. ‘बघा,’ पंत म्हणतात, ‘ही तुमची हॅचबॅक.’ बरणीचं झाकण सैल होतं हे वहिनींच्या मागाहून लक्षात येतं.

पंत हे एका माणसाचं नाव नाही. कोथरूड ते वाकड या पट्ट्यात दर मोठ्या सोसायटीत एक पंत सापडतो, आणि नाशिक-कोल्हापूरकडेही त्यांची पैदास जोमात आहे. वय पंचेचाळीस ते पंचावन्न. नोकरी हिंजवडीत, काम बसून करायचं, कंबर दुखरी, घराचं कर्ज संपत आलेलं. पायात ट्रेकिंगचे बूट, पण जायचं-यायचं लिफ्टने. अंगात सहा खिशांची पँट. एका खिशात टायरची हवा मोजायचा गेज, दुसऱ्यात ॲसिडिटीची गोळी.

या ओढीचं मूळ लहानपणात आहे. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतल्या आणि पुढची कित्येक वर्षं तहसीलदार, फॉरेस्टवाले, बांधकाम खात्याचे इंजिनिअर आणि निवडणुकीतले उमेदवार या सर्वांनी पंतांच्या पिढीच्या डोळ्यांत पाळीपाळीने धूळ उडवली. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. तिने पोलीस, लष्कर आणि जंगलातले पर्यटक वाहिले. पंत तेव्हा सायकलवर डबलसीट, तेही मागे. आपणही एकदा कुणाच्या तरी डोळ्यांत धूळ उडवावी, एवढीच त्यांची मनीषा आहे.

पण पंत संसारी आहेत. नुसती डोंगरातली गाडी घेतली तर घरात टिकाव लागणार नाही, हे त्यांना कळतं. म्हणून त्यांनी अट घातली: ‘रोज ऑफिसला नेता आली पाहिजे आणि रविवारी डोंगरात.’ मुलगी कंपनीत मॅनेजर हवी आणि चुलीवर भाकरी थापणारीही हवी, अशी जाहिरात देणाऱ्या वरपित्याची आणि पंतांची जात एकच.

कारण डोंगराला जे लागतं, नेमकं तेच शहराला खुपतं. डोंगराला लागते लॅडर फ्रेम, म्हणजे खाली जाड लोखंडी चौकट आणि वर वेगळी बसवलेली बॉडी. खड्ड्यात एक चाक लटकलं तरी ती तो पीळ सोसते. पण ती जड असते आणि वळणावर डुलते. डोंगराला लागतो मागे अखंड आस, तो दगडावर एक चाक उचललं की दुसरं दाबून धरतो. गतिरोधकावर मात्र तोच आस कंबरेचा प्रत्येक मणका मोजून घेतो. डोंगराला दातेरी टायर लागतात. डांबरावर ते अखंड गुणगुणतात. पंत त्याला रुबाब म्हणतात. त्यांची आई विचारते, ‘विमान कुठं चाललंय रे?’

पंतांनी एक्सेलची फाइल उघडली. पहिली उमेदवार थार, २०२० च्या गांधी जयंतीला बाजारात आलेली. जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच, अप्रोच अँगल ४१ अंशांहून जास्त, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाईल अशी कंपनीची ग्वाही. पंत विरघळले. पण बाजूला दारं दोनच. मागे बसायचं तर पुढचं सीट दुमडून, अंग चोरून आत शिरायचं. टेस्ट ड्राइव्हला आईंना नेलं होतं. त्या नऊवारी सावरत आत गेल्या खऱ्या, पण बाहेर यायला तयार होईनात. ‘आता घरीच सोड,’ म्हणाल्या, ‘दोनदा नाही व्हायचं हे.’

दुसरी मारुतीची जिम्नी, २०२३ ची. पाच दारं, वजनाला हलकी, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड आस, लो रेंजचा दांडा. जाणकार म्हणतात की चिखलात हलकी गाडी रुततच कमी. पण सीट उभी असताना मागे सामानाला जागा २०८ लिटर. दिवाळीला गावी जाताना चार माणसं मावतील किंवा त्यांचा फराळ. शिवाय जिम्नी पाहून कुणी वाट सोडत नाही, उलट ‘किती गोड!’ म्हणतात. पंत गोड दिसायला एवढे पैसे घालणार नव्हते.

तिसरी आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा. मर्सिडीजच्या घराण्यातलं २.६ लिटरचं डिझेल इंजिन. पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफरन्शियल लॉक होतात; म्हणजे एक चाक हवेत फिरत राहिलं तरी दुसऱ्याला ताकद मिळतेच. इंजिनाला हवा पुरवणारा स्नॉर्केल कंपनीतूनच बसवलेला, पाण्याची मर्यादा ७०० मिलिमीटर. पंतांना रात्री झोप लागेना. पण गुरखाची उंची दोन मीटरच्या वर, आणि सोसायटीत दुमजली लोखंडी पार्किंग. वॉचमनने वर पाहिलं, गाडीच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘साहेब, एक तर गाडी बसंल, नाहीतर वरच्या मजल्यावरचे जोशी.’

यात वर्षं जात होती. फाइलला नवे रकाने फुटत राहिले. २०२३ च्या जानेवारीत थारचं मागच्या दोनच चाकांवर चालणारं मॉडेल आलं. छोटं डिझेल इंजिन, कर कमी, किंमत कमी. सेल्समन म्हणाला, ‘सर, तुमच्यासाठी हीच. दिसायला अगदी तीच आहे.’ खरं तर त्याने पंतांच्या आयुष्याचं अचूक निदान केलं होतं. पण पंतांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने चहाचंही विचारलं नाही. २०२४ च्या १५ ऑगस्टला पाच दारांची थार रॉक्स आली आणि आईंचा प्रश्न मिटला. पण तिची फोर-बाय-फोर फक्त डिझेलमध्ये, आणि पंतांचं मन नेमकं त्याच आठवड्यात पेट्रोलकडे वळलेलं. फाइल पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाली. मला तर वाटतं, पंतांच्या आयुष्यातला खरा ऑफ-रोडचा काळ तोच. दर शनिवारी नवं शोरूम, नवी टेस्ट ड्राइव्ह, घरी येऊन नवा वाद. एवढे खाचखळगे त्यांनी पुढे गाडीतूनही पाहिले नाहीत.

शेवटी त्यांनी गाडी घेतली. कुठली घेतली ते सांगत नाही. उरलेल्या दोन गटांची माणसं घरी भांडायला येतील. एवढंच सांगतो, की ती मॅन्युअल गिअरची घेतली. ‘ऑटोमॅटिकमध्ये डोंगर कळत नाही,’ असं पंतांचं म्हणणं.

आठवड्याभरात पुस्तिका वाचताना पंतांना एक गोष्ट कळली. ती त्यांना आधीपासून ठाऊक होती, पण वहिनींनी पुस्तिका मोठ्याने वाचायला घेतल्यामुळे ती आता घरात सर्वांना कळली. या जातीच्या गाड्यांची फोर-व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरी रस्त्यावर लावायचीच नसते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीवर ती जराशी घसरून हिशेब जुळवतात, डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा पीळ गिअर आणि आसांवर येतो.

‘म्हणजे,’ वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘ज्याच्यासाठी जादाचे पैसे मोजले ते रोज वापरायचंच नाही?’

‘अगं, आपण विमाही रोज वापरतो का?’

‘विम्याला डिझेल लागत नाही.’

शिवाय ती यंत्रणा नुसती ठेवून चालत नाही. महिन्यातून एकदा तरी लावून थोडं अंतर चालवावी, म्हणजे आतलं तेल फिरतं, असं गॅरेजवाले सांगतात. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी पंत चिखल शोधायला बाहेर पडतात. पुण्यात चिखलाची टंचाई नाही, पण जो आहे त्याला भोवती पत्र्याचं कुंपण आणि वर ‘२ व ३ बीएचके, बुकिंग सुरू’ असा फलक असतो. म्हाळुंग्याच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर पंत ‘फोर-लो’ लावतात. या गिअरात गाडी माणसाच्या चालीने, पण राक्षसाच्या ताकदीने पुढे सरकते. उतारावर ब्रेकला पायही लावावा लागत नाही. पंत प्लॉटला तीन प्रदक्षिणा घालतात. राखणदार चहा पीत बघत राहतो. गाडी धुवायला मग त्या प्लॉटवर मिळालेल्या आनंदापेक्षा जास्त वेळ लागतो.

पाऊस लागला की पंतांचे दिवस येतात. खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली की पंत डेक्कनला, भिडे पुलाच्या तोंडाशी हजर. पूल पाण्याखाली, पोलिसांचे बॅरिकेड आडवे. पंत कठड्याच्या खुणेवरून अंदाज बांधतात: चारशे... साडेचारशे मिलिमीटर असेल. आपली गाडी सहज गेली असती. वाहत्या पाण्यात खोलीपेक्षा ओढ मारते, आणि कंपनीचा आकडा संथ पाण्याचा असतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवलंय. पण माणसाने थोडा वेळ तरी बॅरिकेडशी उभं राहून हळहळायला काय हरकत आहे?

आणि खड्डे! गटारवाले, गॅसवाले, केबलवाले आळीपाळीने रस्ता खणतात आणि त्यातला प्रत्येक चर पंतांच्या बाजूने साक्ष देतो. शेजारची सेदान कडेकडेने, अवघडून जात असते. पंत वेग कमी न करता सरळ जातात आणि आरशात वहिनींच्या चेहऱ्याकडे बघतात. ‘आता बोल.’ वहिनी बोलत नाहीत, कारण त्यांनी दातात जीभ सापडू नये म्हणून तोंड घट्ट मिटलेलं असतं.

मग एकदाचा तो रविवार उगवला. साताऱ्याकडे डोंगरातल्या एका कच्च्या रस्त्यावर पंतांनी गाडी घातली. एकट्याने जायचं नाही, बरोबर दुसरी गाडी हवी, ओढायला पट्टा आणि शॅकल हवेत, हे नियम पाळलेले. दुसऱ्या गाडीत मी. एका निसरड्या वळणावर पंत उतरले. आधी चालत जाऊन चढ पाहिला, चाकं कुठून न्यायची ती ओळ ठरवली, टायरची हवा उतरवली, दांडा ‘फोर-लो’ला टाकला. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. वडापची जुनी ट्रॅक्स, ज्या घराण्यातून गुरखा निघाली त्याच घराण्यातली. जोर मागच्या दोन चाकांवर, आत-बाहेर-टपावर मिळून पंधराएक माणसं, दोन शेळ्या आणि सिमेंटची पोती. टायर गुळगुळीत. ड्रायव्हर एका हाताने विडी सांभाळत वर निघून गेला. चिखल उडाला तो पंतांच्या गाडीवर आणि थोडा पंतांवर.

वर टपरीशी तो पुन्हा भेटला. पंतांनी आदराने विचारलं, ‘तुम्ही लाइन कशी धरता?’

‘लाइन?’ तो म्हणाला. ‘सायेब, रोजचं हाय. गाडीलाच ठाव हाय वाट.’ मग पंतांच्या गाडीभोवती फिरून, टायरवर लाथ मारून मनापासून म्हणाला, ‘झ्याक हाय. बाजारला न्हेता का ऑफिसला?’

पंतांनी उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर अवघड होतं. हिंजवडीच्या गर्दीत तासभर तो जड क्लच दाबून पंतांचा डावा गुडघा बोलायला लागला होता, आणि दोनेक महिन्यांपासून ते गुपचूप कंपनीच्या बसने ऑफिसला जात होते. गाडी मागे राहिली ती वहिनींसाठी. त्या आधी फक्त धान्य आणायला घेऊन जायच्या, मग बहिणीकडे, मग बँकेत. मागचं दार स्टेपनीसकट आडवं उघडतं, त्यामुळे भिंतीपासून दोन हात जागा सोडून पार्क करावं, हे पंतांना दोन ओरखड्यांनंतर समजलं. वहिनी पहिल्या दिवसापासून तशाच लावतात. मार्केट यार्डात आंब्याच्या पेट्या चढवून, चिखलातून वळवून त्या गाडी अशी बाहेर काढतात, की हमाल मागे सरून वाट देतात. परवा जोरदार पावसात सोसायटीच्या तळघराच्या उतारावर सगळ्यांची चाकं घसरत होती, तेव्हा वहिनींनी दांडा ओढला, गाडी सावकाश वर आणली आणि खाली उतरून म्हणाल्या, ‘चांगली आहे हो ही. उंचावरून सगळं दिसतं.’ वर्षानुवर्षं कमावलेलं मत त्यांनी असं एका वाक्यात उरकल्यामुळे पंत जरा दुखावले.

गेल्या महिन्यात त्यांनी एक्सेलची फाइल पुन्हा उघडली. आता दुसरी गाडी बघायचीय. फक्त ऑफिससाठी, लहान, ऑटोमॅटिक, मायलेज देणारी. पहिला रकाना ‘ग्राउंड क्लिअरन्स’. वहिनींनी तो रकाना पाहिला, काही न बोलता पंतांना पीएमपीचा मासिक पास काढून दिला आणि किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवली. पंत हल्ली बसने जातात. पहिल्याच दिवशी त्यांनी कंडक्टरला बसचा अप्रोच अँगल विचारला म्हणतात. कंडक्टरने त्यांना पुढे सरकायला सांगितलं.