उडत्या तबकडीची वकिली

लेड झेपलिनच्या भक्ताचं आयुष्य सुखाचं असतं. नाव घेतलं की समोरचा मान डोलावतो आणि विषय संपतो. आम्ही दुय्यम ठरवलेल्या बँडचे भक्त मात्र जन्मभर बिनफीचे वकील. माझं अशील म्हणजे यूएफओ. नाव ऐकून लोक आधी आकाशाकडे बघतात, मग माझ्याकडे. लंडनमध्ये याच नावाचा एक क्लब होता, त्यावरून बँडचं नाव पडलं, एवढं सांगेपर्यंत समोरच्याने मंगळावर पाणी सापडलं का, हा विषय काढलेला असतो.

माझ्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे 'स्ट्रेंजर्स इन द नाइट'. 1978च्या अमेरिका दौऱ्यात शिकागो, लुईव्हिल वगैरे ठिकाणी मुद्रित केलेला आणि 1979च्या जानेवारीत आलेला दोन तबकड्यांचा लाइव्ह अल्बम. इंग्लंडात तो सातव्या क्रमांकापर्यंत चढला होता, हे मी न विचारता सांगतो. नावाचा घोळ इथेही आहेच. वरच्या मजल्यावरचे काका फ्रँक सिनात्राचं याच नावाचं गाणं समजून मोठ्या हौसेने संच घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आणून दिला. बोलले काहीच नाहीत. तेव्हापासून जिन्यात भेटले की माझ्या तब्येतीची चौकशी करतात.

मंडळी भारी होती. रांगडा, खर्जातला आवाज लावूनही हळवा वाटणारा गायक फिल मॉग. पट्ट्यापट्ट्यांची विजार घालून रंगमंचभर उधळलेला बासवाला पीट वे. अँडी पार्कर ड्रमवर, तर पॉल रेमंड कधी कीबोर्डवर, कधी गिटारवर. आणि मायकल शेंकर! हा जर्मन पोरगा स्कॉर्पियन्स सोडून 1973 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी यूएफओत आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, यांना जर्मन. संवादाचा हा अभाव पाच वर्षं टिकला, हे आपल्याकडच्या कित्येक संसारांच्या मानाने काहीच नाही. 1977 मध्ये तर तो सांगितल्याशिवाय गायबच झाला. दुसऱ्या गिटारवाल्याला उभं करून यांनी दौरा निभावला, स्वारी परत आली, हा अल्बम मुद्रित झाला आणि तो दुकानांत पोचायच्या आत स्वारीने बँड कायमचाच सोडला. (कायमचाच म्हणजे पुढे परत आलाच. बँडमधलं 'कायमचं' फार मनावर घ्यायचं नसतं.)

तिसऱ्या बाजूवर दोनच गाणी आहेत. पहिलं 'लाइट्स आउट'. मूळ गाण्यातल्या लंडनच्या जागी मॉग ऐन वेळी शिकागोचं नाव घुसडतो आणि हजारो लोक आपलं गाव ऐकून बेभान होतात. आमच्याकडे लाइट जायला गायक लागत नाही, आणि असा जल्लोष फक्त तो परत आल्यावर होतो.

दुसरं 'रॉक बॉटम'. अकरा मिनिटांच्या वर. मॉग गाऊन बाजूला होतो आणि शेंकरची गिटार सुरू होते. वाह पेडल पायाने अर्धवट दाबून तो तिथेच धरून ठेवतो, त्यामुळे स्वर किंचित नाकात, घशात अडकल्यासारखा येतो. घाई नाही. एक सुरावट घेतो, उलटसुलट करून बघतो, खाली उतरतो, पुन्हा चढतो. मागे वे आणि पार्कर एकच ठेका इमानाने रेटत असतात. आता संपलं असं वाटतं, टाळ्या सुरू होतात, आणि हा आणखी एक पायरी वर जातो. नेमक्या त्या पायरीवर आमच्या घरात दर वेळी कुकरची शिट्टी होते. ही विचारते, "अजून तेच चाललंय का?" तेच चाललंय, आणि तेच चालावं एवढीच माझी इच्छा आहे. वाजवताना तो तेवीस वर्षांचा होता. त्या वयात मी काय करत होतो, हे हिला आठवतं, म्हणून मी बोलत नाही.

आता गंमत ऐका. अल्बमसाठी निवडलेलं वादन खुद्द शेंकरलाच पसंत नव्हतं! त्याच्या मते दुसऱ्या एका रात्री त्याने ते अधिक चांगलं वाजवलं होतं. निर्माता रॉन नेव्हिसनने आपल्या कानाने निवड केली आणि झालं. ज्या सोलोवर जगभरच्या पोरांनी हवेत बोटं झिजवली, तो वाजवणाऱ्यालाच खटकतो. खुद्द अशीलच कोर्टात उलटलं तर वकिलाने करायचं काय?

म्हणून मी साक्षीदार बाहेरचा आणतो. आयर्न मेडनचा बासवाला स्टीव्ह हॅरिस यूएफओचा निस्सीम भक्त. मेडनचा शिरस्ताच आहे की मंचावर येण्याआधी स्पीकरवर यूएफओचं 'डॉक्टर डॉक्टर' वाजतं. लोकांना कळतं, आता येणार. आमचा भाचा मेडनवेडा. 2008 मध्ये मेडन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आले, ते वर्ष त्याच्या घरी सणासारखं मोजतात. परवा त्याला बसवून पहिली बाजू लावली. 'डॉक्टर डॉक्टर' सुरू होताच तो ताठ बसला, डोळे चमकले. माझ्या जिवात जीव आला. गाणं संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "मामा, बरे वाजवतात हं तुमचे लोक. मेडनचं गाणं उचलायचं म्हणजे सोपं नाही."